खडूने लिहिलेला बारा

बाजाराच्या मागच्या गल्लीत, गादीवाल्याच्या शेजारी, जुने फ्रीज दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याला सगळे नाकमिस्त्री म्हणत. खरं नाव वीजबिलावर होतं, पण बिल आणून देणाराही हाक मारायचा ती नाकमिस्त्री अशीच.

दुकान म्हणजे लांबट बोळ. दोन्ही बाजूंना फ्रीज उभे. काही हल्लीचे, चपटे, कुणाच्या ओळखीत न राहणारे. पण त्याचा जीव जुन्यांवर. गोल खांद्यांचे, वाकड्या पायांचे, पोलादाच्या जाड पत्र्याचे. त्यांचं दार खटक्याच्या कडीनं लागायचं आणि एकदा लागलं की आतून उघडायचं नाही. असा फ्रीज हातगाडीवरून उतरला की मिस्त्री आधी बिजागऱ्या खोलून दार बाजूला करायचा, मग चहा. गल्लीत पोरं खेळायची. लपायला जागा शोधणारं पोर कुठे शिरेल याचा नेम नाही.

नाकाचं म्हणाल तर ते त्याचं हत्यार होतं. नळीचा नट पाव आटा सैल करायचा, फुस्स झालं की नाक पुढे करायचं, डोळे मिटायचे आणि आतला गॅस कोणता ते सांगायचं. विझलेल्या काडीसारखा झटका लागला तर सल्फर. डोळ्यांत पाणी आलं तर अमोनिया. अगदी पुसट, गोडसर काही आलं तर मिथाइल क्लोराइड. आणि काहीच आलं नाही तर बारा नंबर, म्हणजे फ्रिऑन. मग तो खडू घ्यायचा आणि फ्रीजच्या पाठीवर तेवढं एक अक्षर किंवा आकडा लिहायचा. त्या खडूवर गिऱ्हाइकं डोळे झाकून विश्वास ठेवत.

ही विद्या वस्तादाची. वस्ताद आता नाही, पण त्याचं बोलणं मिस्त्रीच्या कानात पक्कं होतं. वस्ताद सांगायचा, "आरंभीच्या त्या कारखानदारांना थंडी करायची घाई होती रे. कशानं करायची, त्याची फिकीर नव्हती." केल्व्हिनेटर, फ्रिजिडेअर, डोक्यावर गोल डबा घेऊन उभा राहणारा जनरल इलेक्ट्रिक, कसलंही चाक न फिरता नुसत्या ज्योतीवर गार होणारा इलेक्ट्रोलक्स, सगळ्यांच्या कुंडल्या त्याला पाठ. कुणाच्या पोटात सल्फर, कुणाच्या अमोनिया, कुणाच्या मिथाइल. गळती झाली की माणसं मरायची. काही लोक म्हणे फ्रीज घरात घ्यायलाच तयार नसत, मागच्या दारी ठेवत. मग बारा नंबर आला. एका रसायनवाल्यानं भरसभेत तो छातीभर ओढून घेतला आणि त्याच फुंकरीनं मेणबत्ती विझवून दाखवली. ना विष, ना आग. पुढे पन्नास वर्षांनी कळलं की तो आभाळाचं कवच खातोय, आणि त्याच्यावरही बंदी आली.

"पण लक्षात ठेव," वस्ताद म्हणायचा, "सल्फर शिव्या देत येतो, अमोनिया लाथा घालत येतो. माणूस पळून वाचतो. मिथाइल तसा नाही. तो पाहुण्यासारखा येतो, शेजारी बसतो, अंगावर पांघरूण घालतो. डोकं दुखतं, झोप येते, पाय लटपटतात, जीभ जड होते. लोक म्हणतात, प्यायलाय. आणि उठवायला जावं तर उठत नाही."

हे ऐकताना तेव्हा विशीतल्या मिस्त्रीच्या अंगावर काटा आला होता. तो काटा पुढे कधी पुरता गेला नाही.

आणि तीन महिन्यांपूर्वी त्याचं नाक गेलं. चार दिवस ताप आला. ताप उतरला, चव हळूहळू आली, वास मात्र आला नाही. तो रोज सकाळी साबण हुंगायचा. काही नाही. रॉकेलची बाटली. काही नाही. एकदा चुलीसमोर पाटावर बसलेला असताना बायको आतून ओरडत आली, "अहो, दूध करपून गल्लीभर वास सुटलाय नि तुम्ही समोर बसून काय बघताय, सिनेमा?"

"लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

"कधी असतं?"

सांगायची ती वेळ होती, पण त्याची जीभ उचलली नाही. त्याच्या दुकानाला पाटी नव्हती, नाक हीच पाटी. ते गेलं म्हटलं तर उद्या गादीवाला गल्लीभर करील आणि परवा गिऱ्हाईक नव्या कंपनीच्या शर्टवाल्या मेकॅनिककडे जाईल. त्यानं मूग गिळले. मग त्यानं एक चोरवाट काढली. नट सैल केला की शेजारी उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं. त्याचं नाक मुरडलं तर सल्फर, नाही मुरडलं तर बारा. असे दिवस जात होते.

अशातच एक दिवस भंगारवाल्यानं एक पांढरा फ्रीज आणला. पट्ट्यावर चालणारा, खाली मोटर नि कॉम्प्रेसर वेगवेगळे. ऐंशी वर्षांचा तरी असेल. कंपनीची पाटी जिथे असते तिथे नुसती स्क्रूची चार भोकं. मिस्त्रीची लेक नेमकी दुकानात आली होती. तिला घरात चिमी म्हणत. लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायची. नवरा ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. ती घरी केक करून विकायची.

"बाबा, हा मला," तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे फ्रीजच्या.

"अगं, हा तुझ्या आजीच्या वयाचा आहे."

"म्हणूनच. नव्यांत माझा तीन मजली केक मावत नाही. याचं पोट बघा केवढं!"

मिस्त्रीला आनंदच झाला. दाराची खटक्याची कडी काढून त्यानं चुंबकाची पट्टी बसवली, मोटरची वायर बदलली, नवा पट्टा चढवला. राहिला गॅस. त्या वेळी दारात गादीवाला, दोन गिऱ्हाइकं आणि चिमी उभी होती.

"चला मिस्त्री, खेळ सुरू करा," गादीवाला म्हणाला.

त्यानं नट सैल केला. फुस्स झालं. डोळ्याला झोंबलं नाही, म्हणजे सल्फर नाही, अमोनिया नाही. राहिले दोन, मिथाइल आणि बारा. गळती शोधायचा दिवा होता, पण त्याची ज्योत दोघांनाही हिरवी होते. फरक सांगणारा दाबाचा काटा खिळ्याला लटकत होता. तो लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण नाकमिस्त्री काटा लावतो, हे त्या चौघांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं गादीवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. गादीवाला तंबाखू चघळत मजेत उभा. नाक मुरडलेलं नाही. पण एवढा पुसट गोडवा तंबाखूवाल्याला कुठून कळणार, हा विचार मिस्त्रीच्या मनात आला, आणि त्यानं तो परतवून लावला. कुणीतरी आधीच बदलून बारा भरला असणार, एवढा जुना गॅस राहतोय कुठे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. डोळे मिटले, उघडले, खडू घेतला आणि पाठीवर लिहिलं, १२.

चिमीनं टाळ्या वाजवल्या.

सातव्या दिवशी सकाळी नऊला तिचा फोन आला. मिस्त्री दुकान झाडत होता.

"बाबा, दोन दिवस डोकं फार दुखतंय. उभं राहिलं की गरगरतं. काल केकवर नाव लिहिताना हात असा थरथरला, गिऱ्हाईक म्हणालं, काय ताई, सकाळी सकाळीच घेतली की काय?" ती हसली. हसणंही ओढल्यासारखं आलं.

मिस्त्रीच्या हातातला झाडू थांबला. "डॉक्टरकडे गेलीस?"

"काल गेले. त्यांनी विचारलं, घरात कसला गॅस गळतोय का? मी म्हटलं, माझ्या बापानं हुंगलेला फ्रीज आहे, बाराच नंबर, आणि त्यांचं नाक चुकत नाही. मग म्हणाले, दगदग झालीय, दार लावून झोप काढा."

"खिडक्या?"

"बंद. खाली रस्ता खणलाय, सगळी माती क्रीमवर बसते."

बाहेर पड, फ्रीज बंद कर, एवढंच मिस्त्रीला म्हणायचं होतं. पण म्हटलं की ती विचारणार, का? तुम्हीच तर लिहिलंत. तो म्हणाला, "थोडी खिडकी उघड. आराम कर. मी बघतो."

"काय बघता?"

"काही नाही गं. आराम कर."

त्यानं फोन ठेवला. तो स्टुलावर बसला. दगदगच असेल. बाराच असेल. उन्हाळ्यात डोकं दुखतंच. त्यानं दाबाचा काटा खिळ्यावरून काढून पिशवीत टाकला, संध्याकाळी जाऊ म्हणून. मग परत काढून बघितला. मग परत टाकला. गिऱ्हाईक काय बोलतंय ते त्याला ऐकू येईना.

साडेअकराला भंगारवाला आला. हातात एक काळपटलेली पितळी पट्टी.

"मिस्त्री, तुमच्या त्या पांढऱ्याची आहे वाटतं. गाडीच्या फळीत अडकली होती. मला काही वाचता येत नाही, बघा कामाची आहे का."

मिस्त्रीनं ती मांडीवर घासली. नंबर. वर्ष. खाली एक ओळ. मिथाइल क्लोराइड, दीड किलो.

"हा फ्रीज आणलास कुठून?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मधे कुणी दुरुस्त केला होता?"

"छे हो! एका म्हातारीच्या माळ्यावर होता. तिच्या लग्नानंतर दोन वर्षांत बंद पडला, तेव्हापासून कुणी हात लावला नाही म्हणाली. मीच तर सांगितलं होतं तुम्हाला, पाकीट न फोडलेला माल आहे म्हणून!"

सांगितलं होतं. मिस्त्रीनं ते विकणाऱ्याची बडबड म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याला सगळं दिसलं. इतकी वर्षं सुकलेलं कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील. त्यावर त्यानंच चढवलेला नवा पट्टा. जितका वेळ मोटर फिरणार तितका वेळ गॅस झिरपणार. आणि बंद खिडक्या.

त्यानं चिमीला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. परत लावला. चार वेळा.

दुकान उघडं टाकून तो घरी धावला. बायको कपडे वाळत घालत होती. "अगं, चिमीच्या घरमालकिणीचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

"आहे. पण ती शाळेत शिकवते, या वेळी उचलत नाही. का हो? तोंड का असं पांढरं पडलंय?"

"चल आधी."

"अहो पण..."

"चल गं!"

तीस वर्षांत तो असा ओरडला नव्हता. ती ओल्या हातांनीच निघाली. रिक्षात बसल्या बसल्या ती घरमालकिणीला फोन लावत राहिली आणि तो लेकीला. कोणीच उचलेना. वाटेत तिनं विचारलं, "झालंय काय ते तरी सांगा."

"फ्रीज गळतोय."

"मग गळू दे ना, बारा आहे म्हणालात. बाऱ्यानं काही होत नाही, तुम्हीच सांगता साऱ्या जगाला."

समोर सिग्नलला रिक्षा थांबली होती आणि त्याला वाटत होतं उतरून पळत सुटावं. त्याच्या डोळ्यांपुढे एकच होतं, अंगावर पांघरूण घालणारा तो पाहुणा. नऊ वाजता ती बोलत होती. आता बारा वाजत आले. मधले ते तास त्यानं स्टुलावर बसून घालवले होते.

चिमीच्या रस्त्यावर खड्डा होता, रिक्षा पुढे जाईना. ते उतरून धावले. मिस्त्रीण चपला हातात घेऊन त्याच्या पुढे निघाली. दोघं जिना चढले. दार आतून लावलेलं.

"चिमे! ए चिमे!"

आतून फक्त मोटरचा आवाज, एका सुरात चाललेला. त्यानंच तेल घालून इतका गुळगुळीत केलेला.

त्यानं जिन्यातली वीजपेटी उघडून खोलीचा मुख्य खटका खाली ओढला. आतली मोटर थांबली. मग दाराला खांदा दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मिस्त्रीणही त्याच्या शेजारी खांदा लावून रेटत होती. कडी निखळली.

आत काही नव्हतं. म्हणजे त्याला काही जाणवलं नाही. नेहमीसारखी स्वच्छ खोली, ओट्यावर अर्धा सजवलेला केक. पण मिस्त्रीण दारातच थबकली. "काहीतरी गोड वास येतोय हो. केकचा नव्हे."

"श्वास रोखून धर," तो म्हणाला. "दिवा, काडी, काही पेटवू नकोस. खिडक्या उघड सगळ्या."

चिमी जमिनीवर होती, भिंतीला टेकून, मांडीवर क्रीमची पिशवी. ओठ निळसर. त्यानं तिला काखेत धरून फरफटत जिन्यात आणलं. तिचं डोकं त्याच्या छातीवर लोळत होतं. कधी काळी दुकानातून झोपलेली अशीच उचलून न्यायचा तो तिला. तेव्हा ती गरम असायची.

"श्वास आहे का? अहो, आहे का श्वास?" मिस्त्रीण विचारत होती. तो तिच्या नाकाशी हात धरून होता, पण त्याला काही कळत नव्हतं. शेवटी मिस्त्रिणीनंच कान लावला. "आहे. आहे, आहे."

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. डॉक्टरबाई तरुण होत्या, पटापट विचारत होत्या. "कसला गॅस?"

"बारा नंबर," मिस्त्रीण म्हणाली. "यांनी स्वतः हुंगून..."

"मिथाइल क्लोराइड," मिस्त्री म्हणाला. त्यानं पट्टी पुढे केली.

"ही पट्टी किती जुनी आहे? मधे गॅस बदलला असेल तर? दोन्हींची निगराणी वेगळी आहे. हा असेल तर विष उतरत असतानाही झटके येऊ शकतात, दोन दिवस इथून हलवता येणार नाही. मला नक्की हवंय. हुंगून बारा कसा म्हणालात?"

कॉटवर चिमीचा हात आपोआप हलत होता, बोटं मिटत, उघडत.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "तीन महिने झाले. मी तिच्या फ्रीजवर खोटं लिहिलं. मिथाइलच आहे, डॉक्टरबाई. मधे कुणी गॅस बदललेला नाही. नक्की."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं आणि त्या आत वळल्या. मिस्त्रीण त्याच्याकडे बघत राहिली. तो वाट बघत होता, ती आता काय म्हणते. ती म्हणाली, "म्हणून त्या दिवशी दूध."

"हो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली."

"आणि आज सकाळी? तिनं फोन केला तेव्हा?"

तिनं तोंडावर पदर घेतला. रडली नाही, नुसतीच श्वास घेत राहिली, मोजल्यासारखा.

तीन वाजून गेल्यावर चिमीनं डोळे उघडले. डॉक्टरबाईंनी विचारलं, नाव काय. जीभ जड होती, पण नाव बरोबर सांगितलं. आज कोणता महिना चालू आहे, ते मात्र चुकलं. "अजून काही म्हणू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत बघू. पण आहे ती." मिस्त्रीनं भिंतीचा आधार घेतला.

चिमीनं बापाकडे बघितलं. "केक," ती म्हणाली. "पाच वाजता... न्यायला येणार होते."

"आई सांगेल त्यांना," मिस्त्री म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात मिस्त्रिणीनं त्याला बाकावर बसवलं. तिचा आवाज आता कोरडा होता. "तीन महिन्यांत किती फ्रीज हुंगलेत तुम्ही?"

तेवढा वेळ त्यानं तो विचार दाराबाहेर उभा करून ठेवला होता. आता तो आत आला. "हिचा सोडून नऊ. त्यातले पाच नवे, त्यांचं काही नाही. जुने चार."

"कुणाचे?"

शिंपिणीचा. पानवाल्याच्या आईचा. पुस्तकं बांधणाऱ्याचा. आणि निवृत्त पोस्टमास्तरांचा, तो तर झोपायच्याच खोलीत ठेवलेला.

मिस्त्रीण नंबर शोधून फोन लावत गेली. शिंपीण घाबरून लगेच बंद करते म्हणाली. पानवाल्यानं आईला आधी बाहेर अंगणात आणून बसवलं. पुस्तकं बांधणाऱ्यानं फोन घेतला, सगळं ऐकलं, हूं म्हणाला आणि ठेवला. पोस्टमास्तर मोठ्यानं हसले. आवाज फोनबाहेर मिस्त्रीलाही ऐकू येत होता.

"वहिनी, काय हे! अहो, मिस्त्रींनी स्वतः हुंगलाय तो. पाठीवर खडूनं लिहिलंय. मला काय कुणी येरागबाळ्यानं दिलाय का?"

"बंद करा, भाऊ. आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसा."

"पण दुपारपासून माझंच डोकं जरा जड आहे, आता उठायचा कंटाळा येतोय. संध्याकाळी बघतो. मिस्त्रींचं नाक असताना तुम्ही उगाच..."

मिस्त्रिणीनं फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"पोस्टमास्तर," तो म्हणाला. "मी बोलतोय. माझं ऐका. मला वास येत नाही. तीन महिने काहीही येत नाही. तुमच्या फ्रीजवर काय लिहिलंय ते विसरा. खाली बसू नका, आधी उठा. उठलात का? आता दार उघडा. मी फोन ठेवत नाही. दाराचा आवाज मला ऐकू द्या."

पलीकडे बराच वेळ काहीच आलं नाही. मिस्त्री बाकाच्या कडेला येऊन फोन कानाशी दाबून बसला होता आणि मिस्त्रीण त्याच्या दंडाला घट्ट धरून. मग सपाता ओढत चालल्याचा आवाज आला, सावकाश, थांबत थांबत. मग कडी.

"उघडलं," पोस्टमास्तर म्हणाले. आता ते हसत नव्हते. "मिस्त्री, पाय जरा लटपटतायत हो."

"पायरीवर बसा. तिथेच. बोलत राहा माझ्याशी. मी निघालोच," मिस्त्री म्हणाला, आणि उठला.